परंतुचा होकार

तिचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं. कायद्याच्या पहिल्या वर्षाला, तिसऱ्याच आठवड्यात, कराराचा कायदा शिकवणाऱ्या सरांनी तिला विचारलं, "समजलं का?" ती म्हणाली, "समजलं सर, परंतु..." पुढचं कुणाला ऐकू आलं नाही, कारण वर्ग हसत होता. तेव्हापासून ती परंतु. पाच वर्षांत शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी हे नाव मान्य केलं. तिने स्वतःही केलं, फक्त लेखी कधी दिलं नाही.

नाव अन्यायाचं नव्हतं. चहा घेणार का, तर घेईन, परंतु अर्धा. सहलीला येणार का, तर येईन, परंतु परतीची वेळ आधी सांगा. मी त्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तक नेताना मुलं कार्डावर सही ठोकतात आणि पळतात. ही सहीखाली बारीक अक्षरात लिहायची, "पान ११२ आधीपासून फाटलेलं आहे." मी तपासून बघायचो. फाटलेलं असायचं.

स्वभाव घरून आला असावा. तिचे बाबा कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टायपिस्ट. तीस वर्षं त्यांनी लोकांची प्रतिज्ञापत्रं, अर्ज आणि भाडेकरार टाइप केले. त्यांचा नियम एकच होता, पक्षकाराचा शब्द बदलायचा नाही. चूक दिसली तरी नाही. तरुणपणी एकदा त्यांनी शहाणपणा करून एका अर्जातलं मृत्यूचं वर्ष स्वतःच्या मनाने दुरुस्त केलं होतं. तो माणूस पुढे सहा महिने कोर्टाला पटवत होता की त्याचे वडील त्याच्या जन्माच्या चार वर्षं आधी वारलेले नाहीत. त्यानंतर बाबा कागद वाचायचेच बंद झाले. अक्षरं डोळ्यांतून आत येत आणि बोटांतून बाहेर जात. मध्ये कुठे थांबत नसत.

पण आता डोळेच थकले होते. डावा दोन वर्षांपूर्वीच कामातून गेला होता आणि उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. चार महिने खेटे घातल्यावर सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पुढच्या महिन्याची तीन. एकच चालता डोळा, आणि त्यावरच सुरी. आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात, आणि शाळा उघडायच्या महिन्यात तिथे रजा मागणं म्हणजे राजीनामा देणं. तेव्हा दवाखान्यात सोबत राहायचं आणि नंतरचे चार दिवस दर दोन तासांनी थेंब घालायचे, हे काम परंतुचं. आणि बाबांचं मशीन महिनाअखेर बंद होणार होतं, तेव्हा घर चालवायचं कामही परंतुचं. नोकरी लागली नसती तर काय, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारत नव्हतं. उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

अशा घरात एका आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या.

पहिली काचवाल्यांची. काचवाले म्हणजे नऊ मजली काचेच्या इमारतीतली मोठी वकिली फर्म. शंभर-सव्वाशे मुलांच्या मुलाखती घेऊन त्यांनी दोघांना निवडलं, त्यातली एक ही. मुलाखतीत त्यांनी तिला विचारलं होतं, "समजा, एकाने प्रस्ताव दिला आणि दुसऱ्याने तो स्वीकारताना त्यात एक छोटी अट घातली, तर करार होतो का?" तिने एका दमात सांगितलं, "होत नाही. अट घातलेला होकार हा होकार नसतो, तो प्रतिप्रस्ताव असतो. त्याने मूळ प्रस्ताव संपतो. नंतर पश्चात्ताप होऊन बिनशर्त हो म्हटलं तरी मेलेला प्रस्ताव उठून बसत नाही." मुलाखत घेणाऱ्यांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या म्हणे. हेच उत्तर तिने पहिल्या वर्षाच्या पेपरातही लिहिलं होतं. तो पेपर आदर्श उत्तरपत्रिका म्हणून अजून आमच्या ग्रंथालयात निळ्या फाईलमध्ये लावलेला आहे. 'मूळ प्रस्ताव संपुष्टात येतो' या शब्दांखाली तीन रेघा आहेत.

काचवाल्यांचं पत्र सात पानी होतं. कर्मचाऱ्यांनी कोणती लिफ्ट वापरावी यावर अर्धं पान. हजर व्हायची तारीख एक. उत्तर शुक्रवारी पाचच्या आत, लेखी.

दुसरी नोकरी बाईंची. बाई म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाडेकरूंचे आणि कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकीलबाई. परंतुने दोन उन्हाळे त्यांच्याकडे उमेदवारी केली होती. त्यांचा प्रस्ताव तोंडी होता, आणि तोही कागदांना भोकं पाडता पाडता. "एक टेबल रिकामं होतंय. पगार काचवाल्यांच्या निम्मा. लिफ्ट नाही. बुधवारपर्यंत सांग, गुरुवारी दुसरी मुलगी यायचीये."

"विचार करून सांगते बाई, परंतु..."

"परंतु घरी नेऊन विचार कर. इथे जागा कमी आहे."

घरी बाबांनी काचवाल्यांचं पत्र भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ ठेवलं. आईला वाटलं, वाचतायत.

"समास चारी बाजूंनी सारखा आहे," शेवटी ते म्हणाले. "कुठे खाडाखोड नाही. माणसं व्यवस्थित आहेत."

"अहो, आत काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"ते तिला विचार. ते तिचं खातं."

"तुझं तुला काय वाटतंय गं?"

परंतुने वहीत दोन रकाने आखले होते. बाईंच्या रकान्यात तिने 'काम आवडतं' लिहून त्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं. काचवाल्यांच्या रकान्यात दीड पान भरलं होतं. आईने दोन्ही बघितले. भरलेल्या रकान्यापेक्षा रिकामा रकाना तिने जास्त वेळ बघितला. शिवणकामातली बाई, माप दुसऱ्याचं असलं की स्वतःचं मत कापडात घालत नाही.

शेवटी डोळा जिंकला. निम्म्या पगारात औषधं बसत नव्हती. बुधवारी परंतु चपलांच्या दुकानावरचा जिना चढली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा एक वाक्य विनाशेपूट बोलली. "बाई, मी येत नाही."

बाईंनी भोकं पाडणं थांबवलं. "बरं. लेखी दे."

तिने तिथल्याच कोऱ्या कागदावर एक ओळ लिहून दिली. बाईंनी त्यावर 'मिळाले'चा शिक्का मारला, तिला पोच दिली आणि मूळ कागद भोकं पाडून फाईलला लावला. वकिलांचा रुसवा असा असतो.

आता प्रश्न उरला तारखेचा. एक तारखेला हजर, तीनला ऑपरेशन. परंतु माझ्या टेबलापाशी बसून मसुदा करत होती. तिची वर्गमैत्रीण म्हणाली, "अगं, फोन करून विचार ना, आठ तारीख चालेल का म्हणून. दोन मिनिटांचं काम."

"तोंडी बोलण्याला पुरावा काय?"

"पुरावा कशाला? त्यांना नोकरी द्यायचीये, तुला फाशी नाही."

"उद्या ते म्हणतील, असं बोलणंच झालं नव्हतं, तर?"

मी ऐकत होतो. मध्ये बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. पण ती कराराच्या कायद्यात पहिली आलेली मुलगी आणि मी पुस्तकांना नंबर घालणारा माणूस. मी एका पुस्तकाला नंबर घातला.

बुधवारी संध्याकाळी बाबांनी मशीनवर कागद चढवला. त्यांनी टाइप केलेलं हे त्यांच्या आयुष्यातलं बहुधा एकमेव घरचं पत्र. मसुदा असा होता. आपला प्रस्ताव मी आनंदाने स्वीकारते, परंतु वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे मी एक तारखेऐवजी आठ तारखेला हजर होईन.

'परंतु'पाशी बोटं थांबली. आईने स्वयंपाकघरातून ते ऐकलं. तीस वर्षांच्या संसारात त्या आवाजाला असा खंड पडलेला तिला आठवत नव्हता.

"हा शब्द हवाच का?" बाबांनी विचारलं.

"हवा बाबा."

बोटं पुढे गेली. पक्षकाराचा शब्द.

गुरुवारी सकाळी तिने काचेच्या इमारतीत पत्र दिलं आणि पोच घेतली. पोच घेतल्यावर तिला जो आनंद झाला तो इतरांना बहुधा नोकरी मिळाल्यावर होतो.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता ती मैत्रिणीबरोबर ग्रंथालयात होती. फोनवर मेल आला. तिने तो वाचला, फोन टेबलावर पालथा घातला, मग उचलून परत वाचला. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी अनेकदा बघितलाय, निकालाच्या दिवशी तर घाऊक भावात. पण हा रंग उतरला नाही, तो नुसता नाहीसा झाला. मी पाणी आणलं. तिने ग्लास हातात धरला आणि प्यायचं कसं असतं हे विसरल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली.

मेल चार ओळींचा होता. आपले पत्र मिळाले. आपण सुचवलेली तारीख आम्हांस मान्य नाही. आपले पत्र हा प्रतिप्रस्ताव असल्याने आमचा मूळ प्रस्ताव संपुष्टात आला आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"निळी फाईल देता?" ती म्हणाली.

मी दिली. तिने स्वतःची उत्तरपत्रिका काढली आणि त्या तीन रेघांवर बोट ठेवलं. पहिली, दुसरी, तिसरी. रेघा मोजून काही बदलणार होतं असं नाही.

तेवढ्यात कराराचे सर आले. मैत्रिणीने त्यांना सगळं सांगितलं. सरांनी मेल वाचला, पत्राची प्रत वाचली आणि चष्मा काढला. मला वाटलं, आता धीराचा शब्द येणार.

"कायद्याने त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे," सर म्हणाले. "इतकं स्वच्छ उदाहरण मला अठ्ठावीस वर्षांत मिळालं नाही. याची एक प्रत मिळेल का?"

"सर!" मैत्रीण ओरडली. ग्रंथालयात ओरडायला बंदी आहे. मी त्या दिवशी तो नियम लावला नाही.

परंतु उठली. घड्याळात साडेतीन. पाचपर्यंत मुदत आहे, असं ती स्वतःशीच बोलली, आणि माझ्याच टेबलावरचा कागद ओढून तिने एक ओळ लिहिली. आपला प्रस्ताव मी कोणत्याही अटीशिवाय स्वीकारते. मग ती धावली. पाच वर्षांत मी तिला जिन्यावरून सुद्धा भरभर उतरताना बघितलं नव्हतं. ती पायऱ्या बघून उतरणारी मुलगी.

काचेच्या इमारतीत मनुष्यबळ अधिकारी खाली आला. माणूस वाईट नव्हता. त्याने तिला बसायला सांगितलं, रुमाल हवा का विचारलं, तिचा कागद वाचला आणि हळूच परत केला.

"मॅडम, चार वाजून वीस मिनिटं झालीत, मुदतीत आहात. पण मुदत कशाची? प्रस्ताव कालच संपला. नंतरच्या होकाराने तो उठून बसत नाही. हे वाक्य तुमचंच आहे. मुलाखतीच्या टिपणात आम्ही जसंच्या तसं लिहून ठेवलंय."

"एका आठवड्याचाच तर प्रश्न होता."

"तुम्ही नुसतं विचारलं असतंत, आठ तारीख चालेल का, तर काहीच अडलं नसतं. विचारणं म्हणजे अट नव्हे. मी तर म्हणालो होतो वरती, बहुतेक ती विचारतेच आहे. पण मग त्यांनी पत्र वाचलं. इतकं पक्कं लिहिलेलं पत्र, मॅडम. त्यात विचारायला कुठे फटच नव्हती."

ती घरी गेली तेव्हा बाबा मशीनवर कापड घालत होते. तिने सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हात समोर धरून बघू लागले, उजवा आधी, मग डावा.

"मी टाइप केलं," ते म्हणाले. "मला तो शब्द दिसला होता. टोचला होता."

"बाबा, शब्द माझा होता."

"तीस वर्षं मी म्हणत आलो, दुसऱ्याचा शब्द बदलायचा नाही. तू दुसरी आहेस का गं?"

आई शिवणकामाची कात्री हातात घेऊन दारात उभी राहिली, आणि बराच वेळ ती खाली ठेवायची असते हे तिच्या लक्षात आलं नाही. तिघंही जागच्या जागी अशी थांबली होती की बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, फोटो काढतायत. मग बाबा म्हणाले, "डोळ्याची तारीख पुढे ढकलू."

"परत चार महिने मिळणार नाही. आणि चार महिन्यांनी वाचवायला डोळा राहणार नाही."

"मग?"



शनिवारी सकाळी काय झालं ते मला परंतुने सांगितलं, आणि पुढे बाईंच्या नव्या मुलीनेही सांगितलं. दोन्ही साक्षी जुळतात.

रिकामं होणारं टेबल भरलं होतं. त्यावर नवी बसून कागदांना पिना मारत होती. परंतु उभी राहिली.

"बाई, बुधवारी मी नकार दिला."

"लेखी. फाईलला आहे."

"त्याने तुमचा प्रस्ताव संपला."

"संपला."

"म्हणून आज मी माझ्याकडून प्रस्ताव घेऊन आले. मला कामावर घ्या."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काचवाल्यांची काच फुटली वाटतं?"

परंतुने मेल आणि आपल्या पत्राची प्रत दाखवली. बाईंनी दोन्ही वाचलं, आणि ज्या बाईंना न्यायाधीशही दचकवू शकत नसत त्यांच्या तोंडून निघालं, "अरे देवा. वडिलांच्या डोळ्यासाठी एक आठवडा मागितला म्हणून?" मग त्यांनी स्वतःला सावरलं. "टेबल नाही. कपाटाशेजारी स्टूल आहे. कुणाला कपाट उघडायचं झालं की तुला उठावं लागेल. पगार निम्मा म्हटलं होतं, आता तोही तीन महिन्यांनी बघू, तोवर त्याच्याहून जरा कमी. एक तारखेला हजर. आणि तीनला दिवसभर कोर्टात हवीस. माझी उलटतपासणी आहे, दोन पेट्या कागद न्यायचेत, एकीला झेपणार नाही. बोल."

"मान्य आहे, बाई," परंतु म्हणाली.

नवी सांगते, इथे ती थांबली. एक स्टूल, एक कपाट, निम्म्याहून कमी पगार, आणि हातात दुसरं काहीही नाही. तोंड एकदा उघडून तिने परत मिटलं.

"परंतु तीन ते सात तारीख सोडून."

पिना मारणं बंद पडलं. नवीला म्हणे वाटलं की ही मुलगी वेडी आहे, आणि तिला धरून बाहेर न्यावं.

"हा प्रतिप्रस्ताव झाला," बाई शांतपणे म्हणाल्या.

"झाला."

"तीन दिवसांत दुसरा."

"हो. तारीख मला बदलता येत नाही, बाई. म्हणून शब्दही बदलता येत नाही. तुम्ही नाही म्हणा, मी जाते."

बाई नवीकडे वळल्या. "दोन पेट्या तू नेशील? एक मी धरते."

"नेईन की," नवी म्हणाली.

"मग मान्य."

परंतुला कळलंच नाही. ती दाराकडे निघाली होती. "काय मान्य?"

"तुझा प्रतिप्रस्ताव, दुसरं काय! तोसुद्धा प्रस्तावच असतो गं. समोरच्याने हो म्हटलं की करार होतो. कॉलेजात हे शिकवत नाहीत का हल्ली?"

परंतु भिंतीला टेकली आणि तशीच खाली घसरून बसली, स्टूल हातभर अंतरावर असताना. शुक्रवारच्या धक्क्यात ती उभी राहिली होती. हा दुसरा तिला झेपला नाही.

शिकवतात. त्या दिवशी मी निळी फाईल उघडून बघितली. तिच्या उत्तराचं शेवटचं वाक्य असं आहे, "तथापि, प्रतिप्रस्ताव मूळ प्रस्तावकाने स्वीकारल्यास करार अस्तित्वात येतो." त्याखाली रेघ नाही. तिने ओढली नव्हती, सरांनी ओढली नव्हती, आणि पाच वर्षांत ती फाईल हाताळणाऱ्या कुणालाही तिथे रेघेची गरज वाटली नव्हती. काचवाल्यांना एक शब्द लिहावा लागला असता. त्यांनी चार ओळी लिहिल्या.

तीन तारखेला दवाखान्यात परिचारिकेने संमतीपत्र पुढे केलं. "इथे सही करा. जवळचे नातेवाईक म्हणून."

परंतुने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मग पहिल्यापासून परत वाचलं. मागे चार माणसं ताटकळत होती. "अहो ताई, सही करायचीये, परीक्षा नाही," एकजण म्हणाला.

बाबा डोळ्यात थेंब घालून चाकांच्या खाटेवर पडले होते. त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं.

"वाचू द्या तिला," ते म्हणाले. "काही घालायचंय का गं त्यात?"

तिने सही केली. सहीखाली जागा होती, बरीच होती.

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि खाटेबरोबर चालत दारापर्यंत गेली.